इमारतीमागची मांजरं अकरा झालीत. खायला घालणं थांबवू का?

कोपऱ्यातली_खिडकी
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या इमारतीच्या मागे, मीटरच्या खोलीपाशी, दोन वर्षांपूर्वी एक तीन रंगांची मांजरी आली. पोट पाठीला लागलेलं. मी खायला ठेवलं. ती माझ्यापासून दीड हातावर थांबली आणि मी मागे सरकल्यावरच पुढे आली. आजही तेच, दीड हात. मी तिला काबरी म्हणते.

आज संध्याकाळी मोजली तर अकरा भरली. काबरी, तिच्या दोन मोठ्या झालेल्या मुली, कुठून कुठून आलेले चार बोके आणि साधारण दोन महिन्यांची चार पिल्लं. पिल्लं खरं तर नऊ जन्मली होती. त्यातलं एक गेल्या आठवड्यात माझ्या तळहातावर गेलं. डोळे चिकटलेले, नाक भरलेलं, वजन म्हणाल तर किल्ल्यांच्या जुडग्याएवढं. बाकीच्या चारांचं काय झालं ते कळलंच नाही.

रविवारच्या बैठकीत सगळे माझ्यावर तुटून पडले. निम्मे म्हणाले, खायला घालणं आजपासून बंद. दोघं-तिघं म्हणाले, पोत्यात भरून गावाबाहेर सोडू. मला उत्तर देता आलं नाही, कारण मनात तोच प्रश्न होता: ही माझ्यामुळेच वाढली का? आणि आता काय करणं बरोबर ठरेल? ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावलं आहे त्यांनी कृपया लिहा.

मुक्कामपोस्ट
सोमवार, रात्री १०:५५

पोत्यात भरू देऊ नका, काही झालं तरी. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

शिळोप्या
सोमवार, रात्री ११:२०

मी तुमच्या बैठकीतल्या 'त्या' बाजूचा माणूस आहे. आमच्या इमारतीत सात आहेत. जिन्यात मुताचा उग्र वास येतो, दार उघडलं की तोच पहिला भेटतो. रात्री दोन वाजता बोक्यांची भांडणं लहान मूल रडल्यासारखी ऐकू येतात. मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात रोज घाण असते, ती आमच्याकडे मीच काढतो. खायला घालणारे संध्याकाळी ताटली ठेवून वर निघून जातात. त्यानंतरचं सगळं निस्तरतो कोण?

मला मांजरांचा राग नाही. पण प्राणीप्रेमी मंडळींनी आमच्यासारख्यांना दुष्ट ठरवू नये एवढंच म्हणणं आहे.

निशिगंध
मंगळवार, सकाळी ६:५०

शिळोप्या, तुमचं म्हणणं रास्त आहे. माझ्या खिडकीखालीही हेच चालतं आणि मी तर खायला घालणाऱ्यांपैकी आहे.

सापळेवाली
मंगळवार, सकाळी ७:१५

खिडकीताई, आधी तुमच्या अवघड प्रश्नाचं उत्तर देते. हो, थोडी तुमच्यामुळे वाढली. पोटभर खाणारी मांजरी जास्त पिल्लं जगवते आणि अन्नाच्या वासाने बोके जमतात. पण खाणं बंद केलंत तर ती नाहीशी होत नाहीत, पांगतात. कचऱ्यापाशी जातात, दुसऱ्याच्या दारात जातात, आणि तिथे भुकेली असली तरी पिल्लं घालतच राहतात. खायला घालणं हे निम्मं काम. दुसरं निम्मं म्हणजे नसबंदी, आणि ते झालं नाही तर पहिलं निम्मं उलट अंगाशी येतं.

मी बारा वर्षं हे करते आहे. पद्धत सगळीकडे एकच: पकडायचं, ऑपरेशन करायचं, जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला टीएनआर म्हणतात. इटलीत तर १९९१ सालच्या कायद्याने मोकळ्या मांजरांना मारण्यावर बंदी आणली आणि नसबंदी करून त्यांना परत सोडायची जबाबदारी सरकारी पशुवैद्यकांवर टाकली. रोममध्ये जुन्या देवळांच्या अवशेषांमध्ये मांजरं निवांत पडलेली दिसतात, त्यामागे हीच व्यवस्था आहे.

घाई का करायची ते सांगते. मांजरीचा गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते. पिल्लांतल्या माद्या चार-पाच महिन्यांच्या झाल्या की माजावर येतात. तुमची चार दोन महिन्यांची आहेत ना? म्हणजे हातात दोन-तीन महिने आहेत. तेवढ्यात सगळ्या माद्या झाल्या पाहिजेत. एकही राहिली तरी वर्षभरात तुम्ही पुन्हा आजच्या जागी.

गावाबाहेर सोडण्याबद्दल: अनोळखी जागी सोडलेलं मांजर तिथल्या मांजरांकडून मार खातं, खाणं-पाणी कुठे आहे ते त्याला माहीत नसतं, परत यायच्या नादात रस्त्यावर गाडीखाली जातं. ती सुटका नव्हे, ते डोळ्याआड मरण आहे. आणि मोकळ्या झालेल्या जागेत आजूबाजूची मांजरं शिरतात. तास्मानियातल्या संशोधकांनी थोडी थोडी मांजरं मारून पाहिली, तेव्हा त्या भागात मांजरं कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं.

सापळा कसा लावायचा ते संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता कामावर निघालेय.

बोकोबा_वाघमारे
मंगळवार, सकाळी ९:०५

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा उंदरांचा प्रश्न होता. बोक्याला दवाखान्यात कोण नेणार हा आपला आहे. सापळेवाली, तुम्हाला दंडवत.

पाणथळ
मंगळवार, दुपारी १:३०

इथे मला वेगळा सूर लावावा लागणार. मी पक्षी मोजतो. गेली अनेक वर्षं पहाटे तळ्याकाठी असतो आणि मांजराच्या तोंडात पक्षी किती वेळा पाहिला याची गिनतीच नाही.

२०१३ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. त्या एका देशात मांजरं वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात असा अंदाज त्यात होता, आणि त्यातला मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर दीपगृह उभं राहिलं, माणसांमागून मांजरं आली, आणि १८९४ साली शास्त्रज्ञांना ठाऊक झालेला तिथला न उडणारा चिमुकला पक्षी काही वर्षांतच पृथ्वीवरून नाहीसा झाला. असे पक्षी पुन्हा घडवता येत नाहीत.

नसबंदी झालेलं मांजर पिल्लं घालत नाही, पण शिकार करतंच. पोट भरलेलं असलं तरी करतं, कारण शिकारीची ओढ आणि भूक या त्याच्या अंगात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे 'आम्ही खायला घालतो म्हणून ती पक्षी मारत नाहीत' हे कृपया कोणी लिहू नका.

निशिगंध
मंगळवार, दुपारी २:१०

पाणथळ, मग तुमचा उपाय काय? मारायची?

पाणथळ
मंगळवार, दुपारी ३:००

नाही. मारून शहरात काही साधत नाही हे मलाही दिसतं. हिंदी महासागराच्या दक्षिणेला मॅरियन नावाचं बेट आहे. तिथे १९४९ मध्ये पाच मांजरं नेली, १९७७ पर्यंत ती सुमारे ३४०० झाली. मग रोगाचा विषाणू सोडला, बंदुका वापरल्या, सापळे लावले. शेवटचं मांजर हटायला १९९१ उजाडलं. चारी बाजूंनी समुद्र, बाहेरून एकही नवं मांजर येणार नाही, तरी चौदा वर्षं लागली. शहराला तर कुंपणच नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तळं, गवताळ माळ, जमिनीवर घरटी करणारे पक्षी जिथे आहेत तिथे खाण्याच्या जागा करू नका. तिथली मांजरं शक्य असेल तर घरं शोधून हलवा. आणि करायचीच तर नसबंदी पुरती करा. दहापैकी चार करून फोटो टाकणं म्हणजे काम नव्हे.

सापळेवाली
मंगळवार, रात्री ८:४५

पाणथळ यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझं पूर्ण अनुमोदन. अर्धवट नसबंदीने संख्या हलत नाही, उरलेल्या माद्या ती भरून काढतात. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात हे नीट मोजलं गेलं आहे. १९९६ मध्ये ६८ मांजरं होती, २००२ मध्ये २३ उरली. पण त्यात एक गोष्ट लोक सांगायची विसरतात. अभ्यासातल्या जवळजवळ निम्म्या मांजरांना घरं मिळाली होती. नुसत्या नसबंदीने एवढी घट झाली नसती. आणि नवं आलेलं मांजर ते लगेच पकडत होते.

आता सापळा. लांबट जाळीची पेटी असते, आत शेवटी एक पत्र्याची पट्टी. मांजराने तिच्यावर पाय दिला की मागचं दार पडतं.

खिडकीताई, पहिला आठवडा सापळा लावायचाच नाही. दार दोरीने पक्कं वर बांधून ठेवा आणि ताटली आधी दाराबाहेर, मग दारात, मग रोज वीतभर आत सरकवत न्या. खालच्या जाळीवर जाड कागद अंथरा, मांजरांना तळव्याखाली तार आवडत नाही. खाण्याची वेळ रोज एकच ठेवा आणि अर्ध्या तासाने ताटली उचला. रात्रभर अन्न पडून राहिलं तर ठरल्या दिवशी कोणीही भुकेलं येणार नाही. शिवाय उंदीर, मुंग्या आणि शिळोप्यांची तक्रार, तिन्ही त्यातूनच सुरू होतात.

पकडायच्या आदल्या दिवशी खाणं नाही, पाणी ठेवा. वासाचं काहीतरी हवं, तेलातला मासा उत्तम. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाड चादर हाताशी ठेवा. दार पडलं की मांजर वेड्यासारखं जाळीवर आदळतं, नाक सोलवटून घेतं. त्या क्षणी चादर टाका. अंधार झाला की काही सेकंदांत ते गप्प होतं. पहिल्यांदा पाहाल तेव्हा खरं वाटणार नाही.

दवाखान्याची वेळ आधी ठरवल्याशिवाय सापळा लावू नका. मांजर सापळ्यात आणि डॉक्टर सुट्टीवर, असं माझ्या पहिल्या वर्षी झालं होतं. त्या मांजराला मला सोडून द्यावं लागलं आणि पुढे पाच महिने ते सापळ्याकडे फिरकलंही नाही.

गुरांचा_डॉक्टर
मंगळवार, रात्री १०:३०

व्यवसायाने पशुवैद्यक आहे, म्हणून थोडी भर.

पिल्लाचं वजन साधारण एक किलो आणि वय दोन महिने झालं की अनुभवी डॉक्टर ऑपरेशन करू शकतो. अंगावर पाजणाऱ्या मांजरीचंही करता येतं, दूध आटत नाही, फक्त तिला लवकरात लवकर पिल्लांजवळ पोचवायचं. टाके आपोआप विरघळणारे घालायला सांगा, कारण रानटी मांजर टाके काढायला पुन्हा हाती लागत नाही. त्याच भुलीत रेबीजची आणि इतर लसी देऊन घ्या आणि डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत छाटून घ्या. साधारण एक सेंटीमीटर. लोकांना ते क्रूर वाटतं. पण भुलीत असल्याने तेव्हा दुखत नाही, जखम पटकन भरते, आणि त्या कानामुळेच हे मांजर उद्या दुसऱ्या कोणाच्या सापळ्यातून विनाकारण पुन्हा टेबलावर येत नाही. पट्टा किंवा रंग टिकत नाही. पट्टा झाडात अडकून फास बसलेली मांजरं मी पाहिली आहेत.

ऑपरेशननंतर बोका एक रात्र, मांजरी दोन-तीन दिवस बंद, कोरड्या, शांत जागी ठेवा. पूर्ण शुद्धीवर यायच्या आधी सोडलं तर ते गाडीखाली नाहीतर कुत्र्यांच्या तावडीत सापडेल.

आणि कळकळीची विनंती. मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. कुत्र्याच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला विष. दोन्ही मायेपोटी दिलेली असतात. टेबलावर तडफडणारं मांजर आणि समोर रडणारा माणूस, हे मला पुन्हा पुन्हा पाहावं लागतं.

उंबरठा
बुधवार, सकाळी ८:००

डॉक्टर, एक विचारू? मला सहावा महिना आहे. आमच्या अंगणात मांजरं घाण करतात. घरचे म्हणतात, मांजर दिसलं तरी लांब राहा. खरंच एवढा धोका आहे का?

गुरांचा_डॉक्टर
बुधवार, सकाळी ८:४०

तुम्हाला ज्याची भीती घातली आहे तो टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी. मांजर दिसण्याने किंवा शेजारून जाण्याने तो होत नाही. बहुतेक मांजरं आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून त्याची अंडी टाकतात, आणि ती संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून घाण रोजच्या रोज उचलली तर धोका खूप कमी होतो. मात्र ती तुम्ही उचलू नका, दुसऱ्याला सांगा. मातीत हात घालायचाच असेल तर हातमोजे घाला. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो माणसात येतो, तिकडेही लक्ष असू द्या. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

चावा मात्र हलक्यात घेऊ नका. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून छिद्र मिटतं आणि आत पू धरतो. पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजचा निर्णय तिथे होईल, घरी नाही.

उंबरठा
बुधवार, सकाळी ८:४५

मनावरचं ओझं उतरलं. आभार.

अंगणवेल
बुधवार, दुपारी ४:२०

अवांतर: खिडकीताईंची काबरी तीन रंगांची आहे म्हणजे मादीच, हे त्यांनी आधी कळून म्हटलंय की नंतर? केशरी आणि काळा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग एका अंगावर यायला दोन एक्स लागतात, म्हणून तीनरंगी मांजरं जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. सापळेवालींना लांबून बघून कोणाला आधी पकडायचं ते ठरवायला उपयोगी पडत असेल.

सापळेवाली
बुधवार, संध्याकाळी ७:३०

अगदी पडतं! तीनरंगी दिसली की मी तिच्यावरच नजर ठेवते. आणि केशरी दिसला की बहुधा बोका.

बोकोबा_वाघमारे
बुधवार, संध्याकाळी ७:४५

म्हणजे आमचा केशरी 'राणी' गेली तीन वर्षं निमूट सहन करतोय तर.

शिळोप्या
बुधवार, रात्री ९:५०

सगळं वाचलं. पण मूळ तक्रारीला अजून कोणी हात घातला नाही. ऑपरेशन झालं तरी मांजर तिथेच राहणार, वाळूचा खड्डाही तिथेच राहणार. मग माझ्या पदरात काय पडलं?

निशिगंध
बुधवार, रात्री १०:३०

शिळोप्या, आमच्याकडे जे केलं ते सांगते. बोक्यांच्या मुताचा तो उग्र वास मुळात हद्द आखण्यासाठी मारलेल्या फवाऱ्याचा असतो. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत बहुतेक बोक्यांचा तो थांबतो, भांडणंही उतरतात. ज्याला वर्षानुवर्षांची सवय आहे तो मात्र कधीकधी सुरूच ठेवतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

वाळूच्या खड्ड्यावर आम्ही झाकण केलं. साधी ताडपत्री, कडांना वजन. आणि लांब, भिंतीच्या मागच्या कोपऱ्यात मांजरांसाठी वेगळी मऊ, कोरडी वाळू टाकली. मांजराला पुरायला मऊ माती हवी असते, ती चांगल्या जागी मिळाली की ते तिकडे जातं. रोज सकाळी ती जागा मी खुरप्याने साफ करते. खायला घालते तीच व्यक्ती साफ करणार, हा आमचा नियम आहे आणि त्यामुळेच आमच्याकडची भांडणं मिटली. कुंड्यांवर बारीक जाळी किंवा खडे अंथरले की तिथे कोणी उकरत नाही.

खाण्याची जागाही हलवली. जिन्यापासून दूर, पण एका दिवसात नाही. रोज चार पावलं.

मुक्कामपोस्ट
बुधवार, रात्री १०:४०

'खायला घालणाराच साफ करणार' हे आमच्या फलकावर लावतो.

कोपऱ्यातली_खिडकी
गुरुवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. शिळोप्या, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून खूप लागलं होतं, पण तो खरा होता. मी ताटली ठेवून वर जायचे. वाळूच्या खड्ड्याकडे कधी बघितलंच नव्हतं. आज संध्याकाळी खाली जाऊन साफ केला. समोरच्या काकू खिडकीतून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

एका डॉक्टरांशी बोलले. आठवड्याला तीन मांजरं घेतो म्हणाले. बैठकीत सहा आठवड्यांची मुदत मागून घेतली आहे.

सापळेवाली, पिल्लांचं काय करू? त्यांनाही परत मागेच सोडायचं?

सापळेवाली
शुक्रवार, सकाळी ७:००

दोन ते सात आठवडे हे पिल्लाचं माणसांशी नातं जुळायचं वय. तुमची त्या काठावरून थोडी पुढे गेली आहेत. आजच्या आज घरात आणायला सुरुवात करा. छोटी खोली, लपायला एक खोका, आणि खाणं फक्त तुमच्या हजेरीत. डोळ्यांत रोखून बघू नका, हळू पापण्या मिटा. सुरुवातीला फिस्कारतील, ते रागाने नव्हे, भीतीने. दोन-तीन आठवड्यांत मांडीवर येतील ती घरं शोधण्याजोगी. येणार नाहीत त्यांचं ऑपरेशन करून आईजवळ सोडायचं, त्यात वाईट वाटून घेऊ नका. काबरीला मात्र घरात कोंडू नका. पूर्ण वाढलेल्या रानटी मांजराला खोली म्हणजे सापळाच.

आणि गेलेल्या पिल्लांबद्दल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये मोकळ्या मांजरांच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. सहा महिन्यांच्या आत १२७ मेली किंवा दिसेनाशी झाली. तुमच्या नऊपैकी पाच गेली. तुमचा हात कमी पडला म्हणून नाही. रस्त्यावर जन्मणं हेच असं आहे, आणि म्हणूनच मला हे काम करावंसं वाटतं.

निशिगंध
शुक्रवार, सकाळी ७:२०

शेवटचा परिच्छेद वाचून पाणी आलं डोळ्यांत.

पाणथळ
शुक्रवार, सकाळी ९:१०

पिल्लं घरात जाणार असतील तर ती घरातच राहतील अशीच घरं बघा ही विनंती. चार मांजरं बाहेरून आत जाणं हे पक्ष्यांसाठीही भलं आणि त्यांच्यासाठीही.

कोपऱ्यातली_खिडकी
रविवार, रात्री ९:३० (पाच आठवड्यांनंतर)

हिशेब द्यायला आले.

चारही बोके झाले. पहिला तर दार पडल्यावरही खातच राहिला, चादर टाकली तेव्हा कुठे त्याला कळलं. काबरीच्या दोन मुली झाल्या, त्यातली एक गाभण निघाली आणि तशातच ऑपरेशन करायचा तो निर्णय मला फार जड गेला. त्या रात्री जेवले नाही. डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं होतं, तरी. पिल्लांपैकी तिघांना घरं मिळाली, तिन्ही घरांतच राहणार आहेत. चौथं शेवटपर्यंत पलंगाखालून बाहेर आलं नाही, त्याचं ऑपरेशन करून मागे सोडलं.

राहिली काबरी. सापळ्याच्या दारापर्यंत यायची, मान लांब करून वास घ्यायची आणि बसून राहायची. बाकीची आत जाऊन खात होती, ती बघत होती. तीन आठवडे असेच गेले. मग सापळेवालींनी फोनवर दुसरा प्रकार सांगितला. मोठी जाळीची पेटी उपडी, एका बाजूने पाण्याच्या भरलेल्या बाटलीवर टेकवलेली, बाटलीला दोरी, दोरीचं टोक माझ्या हातात. पट्टी नाही, अरुंद बोगदा नाही, चारी बाजूंनी मोकळं दिसणारं.

परवा पहाटे साडेचारला जाऊन बसले. पायऱ्यांवर, भिंतीला टेकून. पाय बधिर झाले. सहा वाजता ती आली, पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. आत मान घातली, काढली. पुन्हा घातली. पुढचे पाय आत, शेपूट बाहेर. सापळेवालींनी बजावलं होतं, शेपूट आत जाईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही. मी श्वास धरून बसले होते. शेपूट आत गेली आणि मी ओढली.

तिचा आवाज मी विसरणार नाही. चादर टाकली. आणि खरंच, काही सेकंदांत शांत. चादरीवर हात ठेवून मी तिथेच बसून राहिले. दोन वर्षांत मी तिच्या इतक्या जवळ कधी नव्हते.

तीन दिवस आमच्या न्हाणीघरात होती. आज संध्याकाळी मीटरच्या खोलीपाशी पेटी उघडली. बाणासारखी सुटली, पायऱ्यांखाली गेली. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. तासाभराने ताटली ठेवली, मागे सरकले. आली. दीड हातावर थांबली. डावा कान सपाट.

सापळेवाली
रविवार, रात्री ९:५०

शेपूट आत जाईपर्यंत थांबलात. माझ्याच्याने पहिल्या वेळी नव्हतं थांबवलं. जिंकलंत ताई.

गाभण मुलीबद्दल: तो निर्णय कोणालाच हलका जात नाही, मला अजूनही जात नाही.

बोकोबा_वाघमारे
रविवार, रात्री १०:००

आख्ख्या धाग्यात मी इथेच श्वास रोखून बसलो होतो.

शिळोप्या
रविवार, रात्री १०:२०

अभिनंदन. आता खरं सांगा, वास गेला का?

कोपऱ्यातली_खिडकी
रविवार, रात्री १०:३५

खरं सांगते. तीन बोक्यांचा थांबला. चौथा, सगळ्यात म्हातारा, अजून जिन्याच्या कोपऱ्यावर फवारा मारतो. त्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झालाय, डॉक्टर म्हणाले थांबून बघा. तो कोपरा मी रोज धुते. भांडणं जवळजवळ बंद आहेत. वाळूच्या खड्ड्यावर झाकण आलंय, ते समोरच्या काकूंनीच आणलं.

शिळोप्या
रविवार, रात्री १०:५०

बरं. म्हाताऱ्याचं काय होतं ते महिन्याने लिहा, मग आमच्याकडे विषय काढतो. आमच्यातली एक पोटाने मोठी दिसतेय, बहुतेक तेवढा वेळ नाही. सापळेवाली, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

कोपऱ्यातली_खिडकी
बुधवार, सकाळी ६:३०

काल रात्री एक नवा आला. पांढरा, बारीक, दोन्ही कान शाबूत. भिंतीवर बसून सगळ्यांना खाताना बघत होता. सापळ्याचं दार वर बांधून ठेवलंय, ताटली आज दाराबाहेर.